लोंढे आंटी सॉरी म्हणत नाही

मला हे आत्ताच सांगायचंय. जेवण झाल्यावर नाही, उद्या ऑफिसातून नाही, आत्ता. कारण उद्यापर्यंत मी सगळं डोक्यात नीट लावून ठेवेन आणि मग ते खरं राहणार नाही. आई आत पलंगावर बसलीये, बाहेरचे कपडे तसेच, गाडीची किल्ली अजून हातात. बाबांनी येऊन विचारलं काय झालं, ती म्हणाली काही नाही. आम्ही दोघी आत्ता दुबई एअरपोर्टवरून घरी आलो, लोंढे आंटीला सोडून. ती कायमची मिरजेला गेली. म्हणून धडाधड टाइप करतेय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

लोंढे आंटी म्हणजे आमच्या शारजाच्या बिल्डिंगमधली नर्स. आमच्या वरच्याच मजल्यावर राहायची. एका प्रायव्हेट क्लिनिकमध्ये ड्यूटी, लग्न केलेलं नाही, एक जुनी पांढरी गाडी, आणि शुक्रवारी चर्चमध्ये मुलांचा वर्ग. आई तिला सिस्टर म्हणायची, ती आईला वहिनी. आणि मला मराठी येतं ते तिच्यामुळे. हे जरा विचित्र आहे, कारण आम्ही ख्रिश्चन नाही. आमच्या देव्हाऱ्यात गणपती आहे, बाळकृष्ण आहे, ठाण्याच्या आजोबांनी दिलेला शंख आहे.

झालं असं की आमच्या शाळेत अरबी होतं, हिंदी होतं, फ्रेंचसुद्धा होतं, मराठी नव्हतं. शुक्रवारी ठाण्याला फोन लागायचा, आई रिसीव्हर माझ्या हातात द्यायची आणि मी म्हणायचे, "हाय आजोबा, आय ॲम फाइन, बाय." एकदा आजोबांनी आईला विचारलं, "ही आपल्याशी बोलतच नाही का गं?" दुसऱ्याच दिवशी लिफ्टमध्ये आईनं लोंढे आंटीला विचारलं, तुमच्या त्या वर्गात मराठीच बोलतात ना?

"मराठीच. पाठवा की," आंटी म्हणाली. मग आईचा चेहरा बघून, "घाबरू नका वहिनी, मी काय तिथं दुकान टाकलेलं नाही. गोष्टी सांगते."

आईनं मला फ्रॉक घालून पाठवलं आणि बजावलं, "मराठी तेवढं ऐक. बाकीचं तिथेच ठेवून ये." बाबा पेपरमागून म्हणाले, "ठेवेल, ठेवेल. ही शाळेतला डबा पण तिथेच ठेवून येते."

चर्चच्या त्या कंपाउंडमध्ये शुक्रवारी जत्रा असायची. सुट्टी शुक्रवारची, म्हणून रविवारची प्रार्थना शुक्रवारी, आणि मुलांचा वर्ग शुक्रवारी असून त्याचं नाव मात्र संडे स्कूल. सकाळी मल्याळी, मग तमिळ, मग उर्दूवाले, संध्याकाळी फिलिपिनो आणि त्यांचे गिटार. मराठी लोकांना मधली भर दुपारची वेळ मिळालेली, सगळे जेवून पेंगलेले. मुलांना मागची छोटी खोली. एसी गळायचा, खाली बादली. त्या बादलीच्या टपटपीवर मी मराठी शिकले.

आता तिची पद्धत ऐका. ती येशूची गोष्ट सांगायची आणि बरोब्बर ऐन वेळी थांबायची. हात कमरेवर ठेवून विचारायची, "सांगा, आता तो काय करेल?" नियम एकच, उत्तर मराठीत. इंग्लिशमध्ये दिलेलं उत्तर तिला ऐकूच यायचं नाही, ती खिडकीबाहेर बघत राहायची.

मला आठवणारी पहिली गोष्ट म्हणजे एका बाईला ओढत आणतात ती. सगळ्यांच्या हातात दगड. येशूला म्हणतात, बोल, हिला मारायचं ना? "सांगा, आता तो काय करेल?"

जोएल गायकवाड, आमच्यातला सगळ्यात मोठा, म्हणाला, "ही विल फाइट देम."

आंटी खिडकीबाहेर.

"तो... मारामारी करेल."

"चूक."

"तो तिला पळून जा म्हणेल," मी म्हटलं.

"चूक."

"पोलीस बोलावेल."

"चूक. तो खाली बसला आणि बोटानं मातीत लिहायला लागला."

"व्हॉट डिड ही... काय लिहिलं?"

"मला काय माहीत? कुणालाच माहीत नाही."

आम्हाला हा शुद्ध अन्याय वाटला. मग पुढच्या शुक्रवारी जक्कय. लोकांना लुबाडून कर वसूल करणारा ठेंगू माणूस, गर्दीत दिसेना म्हणून झाडावर चढलेला. येशू झाडाखाली येऊन वर बघतो. आता काय करेल? आम्ही म्हटलं ओरडेल, म्हटलं फाइन लावेल, म्हटलं झाड हलवेल. सगळं चूक. तो म्हणाला, खाली ये, आज मी तुझ्या घरी उतरणार. मी घरी येऊन हे आईला सांगितलं तर आई म्हणाली, "असं कसं? आधी फोन तरी करायचा त्या माणसाच्या बायकोला."

जोएलनं थिअरी काढली की नेहमी उलटं सांगायचं. लग्नाची गोष्ट आली. द्राक्षारस संपलाय, येशूची आई त्याला म्हणते काहीतरी कर. जोएल उभाच राहिला. "तो नाही म्हणेल. आईला पण नाही म्हणेल."

"बरोबर, आधी तसंच म्हणाला," आंटी म्हणाली. जोएलनं दोन्ही हात वर केले. "आणि मग केलं."

"आंटी, धिस इज चीटिंग."

ती खिडकीबाहेर.

"ही फसवाफसवी आहे," जोएल मराठीत म्हणाला.

"उलटं वागायला काय लागतं रे? तुझा धाकटा भाऊ पण उलटं वागतो. लोक काय म्हणतायत ते बघून उलटं करायचं, म्हणजे पण लोकांकडेच बघणं झालं. तो समोरच्या माणसाकडे बघायचा."

मला तेव्हा हे कळलं नाही. पण मी प्रत्येक गोष्ट फोनवर आजोबांना सांगायला लागले. मराठीत, अडखळत. आणि आजोबांनाही विचारायचे, "सांगा, आता तो काय करेल?" आजोबा एकदम सीरियस होऊन विचार करायचे, आई घड्याळाकडे बोट दाखवत असायची कारण इंटरनॅशनल कॉल, आणि आजोबांचंही दर वेळी चुकायचं. एकदा म्हणाले, "रेवा, हा तुझा येशू फार अवघड माणूस दिसतोय. असा जावई मिळाला तर सासऱ्याचं काही खरं नाही." आईनं रिसीव्हर ओढून घेतला आणि हसत सुटली. सांगायचं एवढंच की आजोबांची आणि माझी ओळख या गोष्टींवर झाली.

आणि आंटी स्वतः? लोकांना वाटायचं, नर्स आहे, चर्चला जाते, एकटी आहे, म्हणजे मऊ आवाजाची, सोशीक वगैरे असणार. राउंडअबाउटवर तिच्या गाडीत बसून बघायला हवं होतं. काच खाली करून, "हबीबी, झोपलास काय? यल्ला, हल की." पर्समध्ये फॉइलमध्ये गुंडाळलेल्या हिरव्या मिरच्या, कुठल्याही हॉटेलात गेली की काढून चावायची, कारण इथल्या जेवणाला तिच्या मते चव नव्हती. मुलगा पडून रक्त आलं तर जवळबिवळ घ्यायची नाही. "बघू. मरत नाहीस. चल." आणि कुठल्याही आमंत्रणाला एकच उत्तर, "बघू की."

जोएलच्या मम्मीनं तिच्यासाठी स्थळ आणलं होतं, अबू धाबीचे एक विधुर अंकल. चहापाणी ठरलं, अंकल सूट घालून आले. आंटी त्यांच्याकडे नुसतं बघत बसली आणि मग म्हणाली, "तुमचे पाय सुजलेत. बूट काढा." बूट काढले, तिनं आतून बीपीचं मशीन आणलं. स्थळ म्हणून आलेला माणूस पेशंट होऊन परत गेला. वर्षभर गोळ्या बदलायच्या आधी तिला फोन करायचा.

आणि ती चुकायची नाही असं पण नाही हां. एका नाताळच्या कार्यक्रमाला गायकवाड अंकलनी, म्हणजे जोएलच्या डॅडींनी, पुढच्या रांगेत कमिटीची आणि पाहुण्यांची नावं लावून ठेवलेली. आंटीनं सोनापूरच्या लेबर कॅम्पमधून नांदेड-लातूरकडची कामगार माणसं आपल्या गाडीतून फेऱ्या मारून आणली आणि सरळ पुढच्या रांगेत बसवली. गायकवाड अंकल लाल. कमिटी भिंतीला उभी. नाटक सुरू झालं तर ती माणसं सारखी मागे वळून बघतायत, चुळबुळ करतायत. आंटीनं वाकून विचारलं, "काय झालं, दिसत नाही का?"

त्यातला एक जण हळूच म्हणाला, "दिसतंय मॅडम. पण बिर्याणी मागं आहे. आमची पाळी येईस्तोवर संपंल."

आंटी इतकी मोठ्यानं हसली की स्टेजवरचा योसेफ डायलॉग विसरला. सगळ्यांना घेऊन ती मागे बिर्याणीजवळ जाऊन बसली आणि जाताना म्हणाली, "जावा गायकवाड, तुमची सीट रिकामी झाली. मी जरा जास्तच हुशारी केली."

आता खरं ते सांगते. इथपर्यंत मी हसत टाइप करत होते.

मी पाचवीत गेले त्या वर्षीचा ऑगस्ट, शाळेला सुट्टी. सकाळी मामाचा फोन आला. आजोबांना हॉस्पिटलमध्ये ठेवलंय. "ताई, निघ. तुझंच नाव घेतायत." बाबा अबू धाबीच्या पलीकडे साइटवर. माझा पासपोर्ट व्हिसासाठी बाबांच्या कंपनीत अडकलेला, त्यामुळे मला जाता येणार नव्हतं. दुपारच्या फ्लाइटमध्ये आईसाठी एक सीट मिळाली. आई कधी एकटी फिरलेली नाही. जिन्यात आंटीनं तिचा चेहरा बघितला, क्लिनिकला फोन करून सांगितलं येत नाही, आणि म्हणाली, "चला, मी सोडते. रेवा माझ्याकडे राहील."

शारजा-दुबई रोड तेव्हाही तुंबायचा. आई पुढे, हातात तिकीट. मी मागे, मांडीवर आईची पर्स. आई दर थोड्या वेळानं घड्याळ बघत होती आणि म्हणत होती, "पोचू ना सिस्टर?" आंटी म्हणत होती, "पोचू."

मग गाड्या एकदम हळू झाल्या. रस्त्याच्या कडेला वाळूत एक माणूस पडला होता. निळा डांगरी ड्रेस, एक चप्पल लांब. रस्ता क्रॉस करताना कुणीतरी उडवून गेलेलं. प्रत्येक गाडी तिथे स्लो व्हायची, आतले लोक बघायचे, आणि गाडी पुढे जायची. का, ते इथे राहणाऱ्यांना माहीत आहे. थांबलं की शुर्ता म्हणजे इथले पोलीस येतात, लायसन्स घेतात, साक्ष, स्टेशन, दिवस गेला.

आंटीनं इंडिकेटर लावला.

"सिस्टर, नाही," आई म्हणाली.

"बघते फक्त."

"सिस्टर, माझे वडील आहेत तिकडे."

"माहितीये," आंटी म्हणाली, आणि उतरली.

मी एसी चालू असलेल्या गाडीत. मला काचेतून आंटीची पाठ दिसत होती. आंटी वाळूत गुडघ्यांवर बसलेली, त्या माणसाचं डोकं दोन्ही हातांत धरून. आई आधी गाडीतच बसली, मग उतरली. तिच्याजवळ उभी राहून काहीतरी ओरडली, मग रस्त्याकडे वळून टॅक्सीला हात करायला लागली. टॅक्सी सगळ्या भरलेल्या, एकही थांबेना. आई रडत होती. मी आईला असं कधी बघितलं नव्हतं, उभ्या उभ्या, सगळं अंग हलत होतं, रस्त्यावर, उन्हात, लोकांसमोर. मग ॲम्ब्युलन्स आली, पोलीस आले. आंटीचं लायसन्स आणि गाडीचे कागद घेतले, इथेच थांबा म्हणाले. एका पोलिसानं शेवटी आईसाठी टॅक्सी अडवून दिली. पण खलास, उशीर झाला होता. संध्याकाळी आई बॅग घेऊन परत आली. काउंटर बंद झालं होतं. पुढची सीट दुसऱ्या दिवशी सकाळची.

आणि त्याच संध्याकाळी ठाण्याहून फोन आला. आजोबा गेले.

सकाळी आईला जायचं होतंच, आणि मला ठेवायला दुसरं कोणी नव्हतं. जिच्यावर एवढी चिडलेली तिच्याच दारात मला उभं केलं. बोलली एकच वाक्य. "हिला दूध आवडत नाही, जबरदस्ती करू नका." आंटीनं मान हलवली. आई ठाण्याला पोचली तेव्हा सगळं आटपलं होतं.

तो आठवडा मी आंटीकडे होते. शुक्रवारी ती मला नेहमीसारखी वर्गात घेऊन गेली. आणि त्या दिवशी कुठली गोष्ट यावी? याईराची. ती क्रमानं सांगायची, पुढची होती ती आली. दुसरी कोणी असती तर गाळली असती. तिनं नाही गाळली.

याईर म्हणून मोठा माणूस, त्याची मुलगी मरायला टेकलेली. तो येशूच्या पाया पडतो, लवकर चला. येशू निघतो. रस्त्यात गर्दी. गर्दीत एक आजारी बाई येशूच्या कपड्याला हळूच हात लावते. येशू थांबतो. आंटी पण थांबली. हात कमरेवर. "सांगा. इकडे याईर घाई करतोय. आता तो काय करेल?"

जोएलनं माझ्याकडे बघितलं. सगळ्यांना माझ्या आजोबांचं माहीत होतं.

"ही विल बी लेट," मी म्हटलं.

आंटीनं खिडकीबाहेर नाही बघितलं. माझ्याकडेच बघत होती. "मराठीत," ती म्हणाली.

"तो उशीर करेल."

"बरोबर."

वर्षभरात पहिल्यांदा कुणाचं तरी उत्तर पुरतं बरोबर आलं होतं. तिनं पुढचं सांगितलं. तो थांबून त्या बाईचं सगळं ऐकून घेतो, तेवढ्यात याईराच्या घरून माणूस येतो, मुलगी गेली. मग तो तिच्या घरी जातो, तिचा हात धरतो आणि ती उठते.

"माझे आजोबा नाही उठले," मी म्हटलं.

"नाही उठले," आंटी म्हणाली.

मला वाटलं आता ती जवळ घेईल. किंवा म्हणेल देवाची इच्छा, असं काहीतरी, मोठी माणसं म्हणतात तसं. ती म्हणाली, "रेवा, ही गोष्ट मला पण पुरती कळत नाही. मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी त्या याईराजवळ येऊन अडकते. तो तिथं उभा राहून काय करत असेल?" मग बादली भरत आली होती, ती उचलून बाहेर रिकामी करायला गेली. बराच वेळ आलीच नाही.

आई परत आली. आम्हाला सगळ्यांना, बाबांना पण, वाटलं की आंटी येऊन माफी मागणार. ती आली. सोफ्यावर बसली. आईनं चहा विचारला नाही. आमच्या घरी आलेल्या माणसाला चहा न विचारणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आंटी बसली आणि गेली. पुढच्या आठवड्यात परत आली, परत बसली. असं बरेच दिवस. शेवटी एकदा आईच म्हणाली, "सॉरी तरी म्हणा ना एकदा. सारख्या येऊन बसता त्यापेक्षा."

"नाही म्हणणार वहिनी. खोटं होईल ते. उद्या परत तसं झालं तर मी परत थांबेन. तुमचे वडील गेले त्याचं मला वाईट वाटतं, रोज वाटतं. पण थांबले त्याचं सॉरी नाही."

बाबांनी डोळे मिटून घेतले. आई उठून किचनमध्ये गेली आणि आंटी जाईपर्यंत बाहेर आली नाही.

त्यानंतर लिफ्टमध्ये फक्त "गुड मॉर्निंग सिस्टर", "गुड मॉर्निंग वहिनी". आईनं ड्रायव्हिंग शिकायला घेतलं. टेस्टमध्ये नापास व्हायची, परत जायची. बाबा म्हणायचे टॅक्सी आहेत की, कशाला एवढं. आई म्हणायची, "मला परत कुणाच्या गाडीत बसायचं नाही." लायसन्स घेऊनच थांबली. पण एक आहे, माझा वर्ग तिनं बंद केला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तू जात जा. बाबांना आवडायचं ते." म्हणजे आजोबांना.

वर्षं गेली. मी कॉलेज केलं, आता तिकडे दुबई मरीनाच्या बाजूला ऑफिस आहे, रोज नवीन टॉवर उभा राहतोय. आंटी साठीची झाली, व्हिसा संपला. चर्चची मंडळी तिला व्हॅननं सोडणार होती. काल रात्री जेवताना आई ताटाकडे बघत म्हणाली, "मी सोडते त्यांना." बाबांचा घास हातातच राहिला.

तर आज. आई ड्रायव्हिंगला, आंटी शेजारी, मी मागे. आई अशी चालवत होती की जणू कुणी पाठलाग करतंय. इतक्या लवकर पोचलो की चेक-इन सुरू व्हायला भरपूर वेळ होता. आईनं पार्किंगमध्ये गाडी लावली, एसी चालू ठेवला. दोघी समोरच्या काँक्रीटच्या खांबाकडे बघत बसल्या.

मग आई म्हणाली, "सिस्टर, तो माणूस वाचला का?"

एवढ्या वर्षांत तिनं हे विचारलं नव्हतं. मी पण नव्हतं. आम्ही धरूनच चाललो होतो की वाचला असणार. आमचं गेलं म्हणजे कुणाचं तरी राहिलं असणार ना.

"नाही," आंटी म्हणाली. "त्याच संध्याकाळी गेला. मी वॉर्डमध्ये फोन करून विचारलं होतं."

"त्याच संध्याकाळी."

"हो."

"मला कधी बोलला नाहीत."

"काय बोलू? तुम्ही म्हटलं असतं, मग थांबून काय मिळवलं."

"म्हटलंच असतं," आई म्हणाली.

एसीचा आवाज. मग आंटीनं पर्सचा बंद दोन्ही हातांनी धरला. "एक मात्र सांगून जाते वहिनी, नाहीतर मिरजेत झोप यायची नाही. तो शुद्धीवर होता. माझा हात घट्ट धरून होता. तुम्ही तिथं उभ्या राहून रडत होता, ते दिसत होतं त्याला. मला विचारलं, 'वो दीदी क्यों रोती है?'"

आई हळूहळू तिच्याकडे वळली.

"मी म्हटलं, तेरे लिए."

"मी बाबांसाठी रडत होते."

"हो की. मी खोटं बोलले त्याला. म्हटलं, तेरे लिए रोती है. मग त्याची पकड सैल झाली. तुमच्याकडे बघत राहिला, ॲम्ब्युलन्समध्ये घालेपर्यंत."

आई एकदम, रागानंच म्हणाली, "मला खोटं सॉरी म्हणवलं नाही तुमच्याच्यानं. आणि त्याला..."

"तुमच्याकडे वेळ होता वहिनी. माझ्यावर रागवायला, मला बोलायला. त्याच्याकडे कुठं होता?" आंटीचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, अगदी लहान. "पण ते रडणं तुमच्या वडिलांचं होतं. मी तुम्हाला न विचारता देऊन टाकलं. त्याच्याबद्दल मात्र मी..."

"नको," आई म्हणाली.

"नाही, मला म्हणू द्या."

"नको म्हटलं ना." आईनं तिच्या हातावर हात ठेवला, तो पर्सच्या बंदासकट दाबून धरला. "दिलंत ते दिलंत. राहू दे त्याच्याकडे."

मग आईनं नाक पुसलं, उतरली, ट्रॉली आणली, मला बॅगा उचलू दिल्या नाहीत. दारापर्यंत गेलो. आंटीनं माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाली, "मराठी सोडू नको." काचेचं दार उघडलं, ती आत गेली, आपल्या त्याच फास्ट चालीनं, ट्रॉली एका बाजूला ओढत होती म्हणून तिला शिव्या देत असणार. मला वाटलं रांगेत पोचल्यावर वळून बघेल. आई हात वर करून उभी होती. आत आंटी पुढे सरकली, परत पुढे सरकली, मग खांबाआड गेली. वळली नाही. आईचा हात तसाच वर होता, मीच शेवटी धरून खाली घेतला.

येताना आईनं गाडी इतकी हळू चालवली की मागचे हॉर्न मारत होते. आणि आता आत किल्ली घेऊन बसलीये आणि रडतेय. ती कोणासाठी रडतेय ते मला माहीत नाही, आणि विचारायला मी जाणार नाहीये. मला तुम्हाला विचारायचंय. तुमच्या बाबतीत असं झालंय का? तुम्ही एका माणसासाठी रडलात आणि ते भलत्याच कुणाच्या तरी कामी आलं, आणि तुम्हाला ते कितीतरी वर्षांनी कळलं? झालं असेल तर मला सांगा, कळल्यावर तुम्ही काय केलंत?